बिनधुराचा जाळ

कडेगावच्या मळ्यातल्या घरात दोन लोखंडी खाटा आहेत आणि गेल्या सहा वर्षांत त्यांच्यावर कुणी पाठ टेकलेली नाही. त्या आणल्या सुभेदार लालासाहेबांनी, निवृत्तीनंतर ऐसपैस झोपायला म्हणून. पण त्यांच्या बायकोनं, संयोगितानं, पहिल्याच आठवड्यात दोन्ही खाटा समोरासमोर लावल्या, मधे रेशमी साडी ताणून बांधली आणि तिच्यावर चित्रं काढायला बसली. तेव्हापासून सुभेदार सतरंजीवर झोपतात. सरहद्द राखली पण खाट राखता आली नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असतं.

संयोगिता मूळची लोणंदची, कांद्याच्या बाजारात वाढलेली. चित्रकलेचा आणि तिचा संबंध शाळेच्या वहीपुरता. पण लग्नानंतर बिहारमधल्या एका छावणीत चार वर्षं काढली, तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधे दरभंग्याकडच्या झा भाभी राहायच्या. थंडीत धुक्यानं समोरचा माणूस दिसायचा नाही. दोघी शेगडीपाशी बसायच्या आणि भाभी तिचा हात धरून आपल्या मिथिलेची चित्रं शिकवायच्या. दुहेरी रेघेचा मासा, मोठ्या डोळ्यांची बाई, कमळ, पोपट, बांबूचं बन. भाभींचा नियम एकच होता. "बहू, खाली जगह मत छोड़ना. खाली जगह में उदासी आकर बैठ जाती है."

हा नियम संयोगितानं असा पाळला, की तिच्या साडीवर तिळाएवढी जागा कोरी सापडायची नाही. दोन माशांच्या मधे वेल, वेलीच्या पानांमधे ठिपके, ठिपक्यांच्या मधे रेघा. ती बोलतानाही मधे जागा सोडत नाही, असं लालासाहेबांचं मत होतं, पण ते त्यांनी तिच्यासमोर कधी मांडलं नाही. पलटणीत राहिलेल्या माणसाला कुठं माघार घ्यायची ते कळतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी पलूसजवळच्या गावातून सुरेखा आली. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची, उंच, हळू बोलणारी जैन बाई. नवऱ्याची, शांतिनाथची, द्राक्षबाग होती. पिशवीतून तिनं कापड काढलं ते नेहमीच्या रेशमासारखं चकचकीत नव्हतं. दुधावरच्या सायीच्या रंगाचं, हाताला जरा खरखरीत, मधेमधे बारीक गाठी. हे रेशीम किडा न मारता काढलेलं आहे, असं ती म्हणाली. पाखरू कोश फोडून उडून जातं आणि मग मागं राहिलेल्या रिकाम्या घराचा धागा काढतात. उकळून मारलेल्या किड्याचं रेशीम अंगावर घालून तिला बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जायचं नव्हतं.

संयोगितानं पोहे करायला घेतले आणि अर्ध्यावर थांबली. जैन बाई, कांदा चालायचा नाही. लोणंदच्या माहेरवाशिणीनं आयुष्यात पहिल्यांदा बिनकांद्याचे पोहे केले, आणि ते करताना आपण काहीतरी विसरतोय असं तिला सारखं वाटत राहिलं.

सुरेखाचं काम असं होतं. त्यांच्या गावात नव्या बस्तीची पंचकल्याणक पूजा व्हायची होती, माघात. त्या पूजेत गावातलं एक जोडपं तीर्थंकराचे आईबाप होतं. बाई होते मरुदेवी, बाप्या होतो राजा नाभिराय. तीर्थंकराचा जीव पोटी येतो तेव्हा आईला पहाटे सोळा स्वप्नं पडतात. सकाळी ती दरबारात जाऊन राजाला स्वप्नं सांगते आणि राजा एकेकाचं फळ सांगतो. या वेळी मरुदेवी व्हायचा मान सुरेखाला मिळाला होता, आणि तिला ती सोळा स्वप्नं साडीवर हवी होती. क्रमानं, एकही कमी-जास्त नको.

तिनं कागदावर यादी आणली होती. ऐरावत हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, दोन फुलांच्या माळा, चंद्र, सूर्य, माशांची जोडी, दोन कलश, कमळांचं तळं, समुद्र, सिंहासन, देवाचं विमान, नागाचा महाल, रत्नांची रास. आणि सोळावा, निर्धूम अग्नी.

म्हणजे कसला, असं संयोगितानं विचारलं. बिनधुराचा जाळ, असं सुरेखानं सांगितलं. संयोगिताला हसू आलं. सगळा जन्म चुलीपुढं आणि गुऱ्हाळापाशी गेला, बिनधुराचा जाळ कधी बघितला नव्हता. सुरेखा हसली नाही. हा लाकडाचा जाळ नव्हे, कर्माचा आहे, असं ती म्हणाली. जळायचं ते सगळं जळून गेलं, मागं काही उरलंच नाही, तर धूर कुठून येणार?

काम सुरू झालं. संयोगितानं नेहमीप्रमाणं आतलं टोक, जे कमरेला खोचलं जातं, ते दोन हात कोरं ठेवलं. तिथं कुणी बघत नाही, म्हणून तेवढ्या जागेला भाभींच्या नियमातून माफी होती. त्याच्यापुढं हत्तीपासून सुरुवात करायची आणि चित्रं क्रमानं नेत नेत जाळ पदरावर आणायचा, असं तिनं ठरवलं. खांद्यावरून पाठीवर पडलेला पदर सगळ्या मांडवाला दिसणार होता.

आणि मग तिला गंमतच झाली. वर्षानुवर्षं न पडलेली स्वप्नं तिला पडायला लागली. रात्री नाही, दुपारी. जेवून ती साडीशेजारीच जमिनीवर आडवी व्हायची. दाराबाहेर उसाला तुरे आलेले, वाऱ्यानं सगळा फड एका अंगाला पांढरा व्हायचा. डोळा लागतो न लागतो तोच हत्ती यायचा. कालव्याच्या पाण्यात गुडघाभर उभा, अंगावर तिनं काढलेली नक्षी, आणि तो उसाला तोंड न लावता नुसता तिच्याकडं बघत राहायचा. हे तिनं लालासाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी काळजीनं एकच विचारलं, की हत्ती आपल्याच फडात शिरला होता का शेजारच्या.

चंद्र काढला त्या दिवशी तिला दिसलं, की पाटातून चंद्र वाहत आलाय आणि ती फावड्यानं त्याला दुसऱ्या वाफ्यात वळवते आहे. मासे काढले तेव्हा घरभर पाणी झालं, आणि खाटांच्या पायांमधून दोन मासे एकमेकांभोवती फिरत राहिले. उठल्यावर ती थेट खाटेवर वाकायची आणि हात चालायचा. कुठं झोप संपली आणि कुठं काम सुरू झालं, तिचं तिलाच कळत नव्हतं. इतकं सुख तिला कशात कधी झालं नव्हतं, आणि साडी संपू नये असं तिला वाटायला लागलं.

सुरेखा मधे दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी बायका विचारतात तसं संयोगितानं सहज विचारलं, लेकरं किती. सुरेखा कमळांच्या तळ्यावर बोट फिरवत होती, ते थांबलं. नाहीत, असं तिनं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी एकदाच राहिलं होतं, पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर मिरजेच्या दवाखान्यांच्या खेपा, उपास, नवस. आता वय गेलं, तरी मन दर महिन्याला वाट बघायचं सोडत नव्हतं. मरुदेवी व्हायला चार लेकरांच्या एका आईचं नाव निघालं होतं. सुरेखाचं नाव आलं तेव्हा एक-दोघींनी नाकंही मुरडली. पण गावात आलेल्या मुनिमहाराजांनी तिचंच नाव सांगितलं, आणि मग कुणाची बोलायची छाती झाली नाही.

आणखी एक रीत होती. जे जोडपं तीर्थंकराचे आईबाप होतं ते त्या दिवसापासून जन्मभराचं ब्रह्मचर्याचं व्रत घेतं. म्हणजे वाट बघणं त्या दिवशी संपणार होतं.

"म्हनून साडी नीट व्हायला पायजे, अक्का," सुरेखा म्हणाली. "आई व्हायचं एकदाच हाय."

सुरेखाला निघायची घाई होती, दिवस बुडायच्या आत घरी पोचून जेवायचं होतं. ती गेल्यावर संयोगितानं कमळांच्या तळ्यात आणखी अकरा कमळं काढली. दुसरं काय करणार?

पूजेला पाच दिवस राहिले तेव्हा पंधरा स्वप्नं झाली होती आणि पदरावरचा जाळ राहिला होता. शेजारच्या रानात ऊस तुटून गेला होता आणि कुणीतरी पाचट पेटवलं होतं. त्याचा वास घरात येत होता. संयोगिता दुपारी आडवी झाली आणि या वेळी भाभी आल्या. तेच क्वार्टर, तेच धुकं, तीच शेगडी. भाभी काही बोलत नव्हत्या, नुसत्या तळवे शेकत होत्या, आणि शेगडीतून धुराची एक बट वर निघून गोल गोल फिरत धुक्यात मिसळत होती. वीस वर्षांत भाभींचा कागद नाही की फोन नाही. संयोगिता उठली ती रडत उठली, आणि डोळे पुसून तशीच कामाला बसली. जाळ छान आला. सात जिभा, प्रत्येक जीभ दुहेरी रेघेची, आत पिवळं आणि केशरी. वरची जागा मोकळी होती, हात आपोआप पुढं गेला आणि दिवस कलायच्या आत साडी पुरी झाली.

लालासाहेब रानातून आले, पाय धुतले, आणि मान वाकडी करून पदर बघत उभे राहिले.

"आता कसं," ते म्हणाले. "जाळाला धूर बी काढलास. खराखुरा इस्तू वाटतुया."

संयोगितानं बघितलं. जाळाच्या वर, पदराच्या काठापर्यंत, राखाडी रेघांच्या बटा गोल गोल फिरत गेल्या होत्या. एकातून एक निघालेल्या, कुठंही तिळाएवढी जागा न सोडता. इतका सुंदर धूर तिनं कधी काढला नव्हता.

रेशमावरचा रंग पुसत नाही. पाणी लावलं की पसरतो, घासलं की कापड मरतं. दुसरं कापड मिळालं असतं तरी पाच दिवसांत सोळा स्वप्नं झाली नसती. तिनं लालासाहेबांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पलटणीतल्या माणसाला शोभेल असा तोडगा काढला. वेलबुट्टी आहे म्हणून सांगायचं, तिरकं बघितलं तर वेलच दिसतो, मांडवात जवळ येऊन कोण बघतंय.

तो दिवस आणि पुढचा एक दिवस ती पदरच बघत राहिली. तिरकं बघितलं, उभं राहून बघितलं, दारातून बघितलं. दुसऱ्या कुणाला वेल दिसलाही असता. पण मांडवात निर्धूम अग्नी असं मोठ्यानं म्हटलं जाईल तेव्हा सुरेखा आपल्या पदराकडं बघेल, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एकदाच आई व्हायला निघालेल्या बाईला आपण ओलं सरपण बांधून द्यायचं? तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं साडीची घडी केली आणि लालासाहेबांना मोटारसायकल काढायला सांगितलं. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. सुभेदारांनी दोनदा मागं वळून बघितलं, बायको पडली तर नाही ना म्हणून.

सुरेखाच्या घरी मधल्या खोलीत साडी पसरली. सुरेखा हत्तीपासून बघत बघत निघाली, एकेका चित्राला हात लावत. ती सूर्यापर्यंत आली तेव्हा संयोगिताला धीर धरवेना. तिनं स्वतःच सांगून टाकलं. सोळावं चुकलं. हाताला रिकामं सोडायची सवय नाही, जाळाला धूर आला, काय शिक्षा करायची ती करा.

सुरेखा पदरापाशी आली आणि खाली बसली. मग तिनं एका बटेवर बोट ठेवलं आणि ती जशी फिरली होती तसं बोट फिरवत वरपर्यंत नेलं.

"अक्का, ह्यो मी बघितलाय," ती म्हणाली.

संयोगिताला कळेना.

"ते पोटात हुतं तवा मला सपान पडलं हुतं. पहाटंचं. चुलीत जाळ, आन वर असाच धूर, गोल गोल फिरत गेलेला. सकाळी ह्यास्नी सांगावं म्हटलं, तर बागेत औषध मारायची गडबड. उद्या सांगू म्हटलं. आठ दिसांत समदं संपलं. मग सांगायचं कुनाला, आन कशाला?"

ती रडली नाही. संयोगिताच रडली. लालासाहेब उंबऱ्यावर बसले होते, ते उठून उगाच मोटारसायकलचं चाक तपासायला गेले.

थोड्या वेळानं सुरेखानं साडीचं दुसरं, कोरं टोक उचललं आणि उजेडाकडं धरलं. सोळावं इथं काढा, असं ती म्हणाली. बिनधुराचं. याचाच पदर करू आणि धुराचं टोक आत खोचू. संयोगितानं मनातल्या मनात साडी फिरवून बघितली. नेसायची दिशाच उलटी होणार, पदर उजव्या खांद्यावर येणार. लोक काय म्हणतील, असं तिनं विचारलं.

सुरेखा पहिल्यांदाच हसली. "मरुदेवी कुठल्या खांद्यावर पदर घेत हुती, ते कुनी बघितलंय?"

"आन ह्यो धूर?"

"ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. पोटाला लागून ऱ्हाईल."

संयोगितानं त्याच दिवशी घरी येऊन साडी खाटांना बांधली. जाळ काढायला तिला तासभर लागला. त्याच्या भोवतीची जागा सोडायला दोन दिवस लागले. हात सारखा पुढं जायचा. एखादा ठिपका, एखादं पान, निदान काठाला एक बारीक रेघ. दोन हातांचा तो कोरा सायीचा रंग आणि मधोमध एवढासा जाळ, तिला बघवत नव्हतं. भाभी म्हणायच्या, रिकाम्या जागेत उदासी येऊन बसते. शेवटी तिनं कुंचला धुऊन टाकला. बसू दे, ती स्वतःशी म्हणाली. तिलाही कुठंतरी बसायला जागा नको का?

त्या दुपारी तिला स्वप्न पडलं नाही. गाढ झोप लागली.

पूजेच्या दिवशी सकाळचा दरबार भरला तेव्हा मांडवात मुंगीला शिरायला वाट नव्हती. संयोगिता आणि लालासाहेब पुढून तिसऱ्या ओळीत बसले होते. राजा नाभिराय झालेला शांतिनाथ सिंहासनावर अवघडून बसला होता. मुकुट त्याला मोठा होत होता आणि सारखा कानांवर येत होता. मग मरुदेवी आली. उजव्या खांद्यावर पदर बघून बायकांत जरा कुजबुज झाली, पण साडी बघून ती विरली. सकाळच्या उन्हात रेशमावरचा हत्ती तिच्या छातीशी उभा होता आणि चालताना निऱ्यांमधले मासे खरोखर हलत होते.

पूजा सांगणारे उपाध्ये एकेक स्वप्न पुकारत होते, सुरेखा त्या त्या चित्राला हात लावून राजाला फळ विचारत होती, आणि शांतिनाथ पाठ केलेलं उत्तर देत होता. हत्ती दिसला, पुत्र थोर होईल. सिंह दिसला, बलवान होईल. नागाच्या महालापाशी तो अडखळला आणि उपाध्यांनी हळूच सांगितलं. लालासाहेब बोटांवर मोजत होते. सोळावं आलं. निर्धूम अग्नी. सुरेखानं पदर पुढं घेऊन दोन्ही हातांवर पसरला. सबंध कोऱ्या रेशमात एकच जाळ, आणि त्याच्याभोवती काही नाही. सगळी कर्मं जाळून टाकेल असा पुत्र होईल, असं शांतिनाथ म्हणाला, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

उपाध्ये पुढचं म्हणायला लागणार, तेवढ्यात सुरेखा एक पायरी वर चढली. तिचा हात पोटावर, जिथं साडीचं दुसरं टोक खोचलं होतं तिथं होता. माईक शांतिनाथच्या समोर चालूच होता.

"आजून एक सपान हाय," ती म्हणाली. "तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं हुतं. बारा वर्सं झाली. चुलीत जाळ हुता, आन धूर लय हुता. त्याचं फळ काय?"

उपाध्यांनी पोथीत बघितलं. पोथीत ते नव्हतं. शांतिनाथनं बायकोकडं बघितलं, मग तिच्या हाताकडं. त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं मुकुट काढून मांडीवर ठेवला.

"आपल्याकडं बी कुनीतरी यिऊन गेलं," तो म्हणाला. "आसं त्याचं फळ हाय."

सुरेखानं मान हलवली, मंदिरात प्रसाद घेतल्यावर हलवतात तशी. ती पायरी उतरून आपल्या जागी जाऊन बसली. उपाध्यांनी पोथीचं पान उलटलं.

लालासाहेबांची बोटं अजून उघडीच होती. त्यांनी ती पुन्हा एकदा मोजली आणि बायकोच्या कानाशी लागले.

"आगं, सतरा झाली."

"व्हय," संयोगिता म्हणाली. "बरोबर हायती."